‘द वाइल्ड वाइल्ड वेस्ट’चा शेवटचा सीझन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या मालिकांचा विषय निघाला की मी फिरून फिरून या मालिकेवर येते, आणि मग समोरच्याचे प्रश्न सुरू होतात. बहुतेक प्रश्न चौथ्या, म्हणजे शेवटच्या सीझनबद्दलचे असतात. या सीझनला ‘उतरती कळा’ म्हणून बाजूला सारलं जातं, ते मला पटत नाही. त्या प्रश्नांची माझी उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

ही मालिका म्हणजे विल स्मिथचा सिनेमा का?

तो सिनेमा १९९९चा. मूळ मालिका त्याच्या तीस वर्षं आधीच संपली होती. अमेरिकेतल्या सीबीएस वाहिनीवर ती १७ सप्टेंबर १९६५ रोजी सुरू झाली आणि एप्रिल १९६९मध्ये थांबली. चार सीझन, एकूण १०४ भाग. पहिला सीझन कृष्णधवल, पुढचे तीन रंगीत. मायकेल गॅरिसन या निर्मात्याची कल्पना थोडक्यात अशी, की जेम्स बॉण्डला घोड्यावर बसवायचं. बॉण्डचं वेड जगभर पसरण्याच्या कितीतरी आधी, १९५०च्या दशकातच, त्याने एका भागीदारासोबत बॉण्डच्या पहिल्या कादंबरीचे चित्रपट-हक्क घेतले होते, त्यामुळे ही कल्पना त्याच्या डोक्यात बराच काळ मुरलेली असणार.

कथा घडते ती युलिसिस ग्रँट अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष असताना, म्हणजे १८६९ ते १८७७ या काळात. जेम्स वेस्ट आणि आर्टेमस गॉर्डन हे दोन सरकारी गुप्तहेर खासगी आगगाडीतून देशभर फिरतात आणि सरकार उलथवायला निघालेल्या विक्षिप्त शास्त्रज्ञांना, माथेफिरू सेनापतींना, लोभी धनाढ्यांना आवरतात. वेस्टच्या भूमिकेत रॉबर्ट कॉनराड, गॉर्डनच्या भूमिकेत रॉस मार्टिन. वेस्ट म्हणजे हातापायांची चपळाई. गॉर्डन म्हणजे बहुरूपी. कधी जर्मन सरदार, कधी दारुडा खलाशी, कधी म्हातारा पाद्री. सोंग वठवावं ते त्यानेच.

आधीचे तीन सीझन पाहिल्याशिवाय चौथा कळेल का?

कळेल. प्रत्येक भाग स्वतंत्र आहे, कथा पुढच्या भागात सांडत नाही. चौथ्या सीझनमध्ये फक्त एकच गोष्ट दोन भागांत विभागलेली आहे. तरीही पहिल्या दोन सीझनमधले चार-पाच भाग आधी पाहा. वेस्ट आणि गॉर्डन एकमेकांशी कसे बोलतात, एकाच्या नुसत्या नजरेवरून दुसरा काय समजतो, हे एकदा अंगवळणी पडलं, की शेवटच्या सीझनमध्ये काय हरवलं ते जाणवतं.

आपल्याकडे ती तेव्हा दिसत होती का?

नाही. १९६८-६९मध्ये भारतात दूरचित्रवाणी दिल्लीपुरतीच होती. मुंबई केंद्र सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ला. तोवर ही मालिका संपून तीन वर्षं उलटली होती. त्यामुळे आपल्यापैकी ज्यांना ती ठाऊक आहे त्यांना ती उशिरा भेटली. कुणाला अमेरिकेत शिकायला गेल्यावर पुनःप्रक्षेपणात, कुणाला डीव्हीडीवर. चौथ्या सीझनचा संच २००८मध्ये आला, मी तोच पाहिला.

मग शेवटच्या सीझनमध्ये नेमकं वेगळं काय?

माणूस कमी झाला. २४ भागांचा हा सीझन २७ सप्टेंबर १९६८ रोजी सुरू झाला. त्याआधी ऑगस्टमध्येच रॉस मार्टिनला हृदयविकाराचा झटका आला होता. वय अठ्ठेचाळीस. मालिका सगळीकडून जोडीवर उभी होती आणि त्या जोडीतला एक जण अंथरुणाला खिळला. निर्मात्यांनी काम थांबवलं नाही. जे भाग चित्रित होऊन तयार होते ते आधी दाखवले, उरलेल्यांसाठी दुसरी माणसं आणली.

या सीझनबद्दल मला सांगायचं आहे ते एवढंच: जोडी म्हणजे काय असतं, हे ती फुटल्यावर इतकं स्वच्छ दिसलेलं दुसरीकडे मी पाहिलेलं नाही. कॉनराड तोच, गाडी तीच, मारामाऱ्या तशाच. पण वेस्ट संकटात सापडला की आपण नकळत वाट पाहायला लागतो, आता खोलीतल्या कुठल्या म्हाताऱ्याची दाढी खोटी निघणार. आणि दाढी खरीच निघते.

मार्टिनच्या दुखण्याबद्दल आणखी काय माहीत आहे?

झटक्याच्या आधी त्याचा पाय मोडला होता. ‘द नाइट ऑफ द अव्हॅरिशस अ‍ॅक्च्युअरी’ या भागाचं चित्रीकरण चालू असताना त्याच्या हातून बंदूक खाली पडली, पाऊल तिच्यावर पडलं आणि ती फिरली. एवढंसं निमित्त. त्या भागात काही ठिकाणी तो अडखळत चालताना दिसतो. तो अभिनय समजू नका, ते दुखणं आहे. त्यानंतर काही आठवड्यांतच हृदयविकाराचा झटका आला.

तो परतला, हे विसरू नये. सीझनच्या उत्तरार्धात त्याचे भाग पुन्हा दिसू लागतात. पण चित्रीकरणाचा क्रम आणि प्रक्षेपणाचा क्रम वेगळा असल्यामुळे पाहणाऱ्याला तो मध्येच दिसतो, मध्येच गायब होतो. अगदी उपान्त्य भागातही, म्हणजे ‘द नाइट ऑफ द टायकून्स’मध्ये, वेस्ट एकटाच आहे. त्याच्या पुढच्या आणि शेवटच्या भागात गॉर्डन हजर. गॉर्डन नसतो तेव्हा मालिकेतलं स्पष्टीकरण म्हणजे तो वॉशिंग्टनला खास कामगिरीवर गेला आहे. जास्त काही सांगत नाहीत. ते बरंच आहे. गॉर्डनला मारून टाकणं किंवा बदलीवर पाठवून विसरून जाणं त्यांना जमलं असतं. त्याची जागा त्यांनी राखून ठेवली.

त्याच्या जागी कोण कोण आलं?

चार्ल्स एडमन सर्वांत जास्त, चार भागांत, जेरेमी पाइक या नावाने. ‘द नाइट ऑफ द कॅमेरा’पासून तो दिसतो. मुरलेला नट, आवाज भारदस्त, आब सांभाळून काम करणारा. पुढे त्यानेच सांगितलं होतं, की तुझ्यासाठी संवाद नव्याने लिहू असं निर्मात्यांनी कबूल केलं होतं, पण प्रत्यक्षात संहितेतलं ‘आर्टेमस गॉर्डन’ हे नाव खोडून वर पेन्सिलीने ‘जेरेमी पाइक’ लिहिलं, एवढाच बदल झाला. हे कळल्यावर ते चार भाग पुन्हा पाहा. एखादा संवाद ऐकताना वाटतं, हे वाक्य मार्टिनच्या तोंडचं आहे. इथे तो भुवई उंचावणार होता, इथे अर्धा क्षण थांबून मग बोलणार होता. एडमन ते स्वतःच्या पद्धतीने म्हणतो, आणि प्रामाणिकपणे म्हणतो. दुसऱ्याच्या मापाचा अंगरखा घालून त्याने लाज राखली, याचं श्रेय त्याला फारसं कुणी दिलं नाही.

‘द कॅमेरा’मध्ये त्याच्या सोबत पॅट पॉलसन आहे. हा विनोदी नट. त्याच वर्षी, १९६८मध्ये, त्याने गमतीने राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक ‘लढवली’ होती. इथे तो एकदा पाहिलेलं कधीच न विसरणारा, पण हाणामारीत अगदी कच्चा असलेला हेर झाला आहे.

विल्यम शॅलर्ट हा ‘द नाइट ऑफ द विंग्ड टेरर’च्या दोन्ही भागांत फ्रँक हार्पर म्हणून येतो. माझ्या मते बदली माणसांमध्ये हाच सर्वांत चपखल बसला, कारण वेषांतराचं अंग त्याच्यातही होतं. गंमत अशी, की हाच शॅलर्ट काही आठवड्यांपूर्वी ‘द नाइट ऑफ द ग्रूसम गेम्स’मध्ये खलनायक म्हणून आलेला होता. तेव्हाच्या प्रेक्षकांना ते खटकलं नसावं. दर आठवड्याला पाहुणे नट फिरून फिरून येण्याची तेव्हा रीतच होती.

अ‍ॅलन हेल ज्युनियर एकाच भागात आला, ‘द नाइट ऑफ द साबातिनी डेथ’मध्ये, नेड ब्राउन या नावाने. ‘गिलिगन्स आयलंड’ या मालिकेतला हाच तो जहाजाचा कप्तान. त्या मालिकेतला धनाढ्य म्हातारा साकारणारा जिम बॅकसही या भागात आहे, आणि शेवटी निर्जन बेटाचा उल्लेख येतो तेव्हा अमेरिकी प्रेक्षकांना तो लगेच कळला असणार. हेल मोठा लोभस माणूस वाटतो पडद्यावर. पण गॉर्डनची जागा भरून काढायची म्हटलं तर हे सगळं दुधाची तहान ताकावर भागवण्यासारखं होतं, आणि ते निर्मात्यांनाही कळत असावं. नाहीतर त्यांनी एकालाच कायम केलं असतं.

कॉनराड झुंबरावरून पडला होता, ते याच सीझनमध्ये का?

भाग या सीझनमध्ये दिसला, अपघात मात्र आधीचा. जानेवारी १९६८मध्ये, तिसऱ्या सीझनचं काम संपत आलेलं असताना, ‘द नाइट ऑफ द फ्युजिटिव्हज’ची मारामारी चित्रित होत होती. दारूच्या गुत्त्याचा सेट. वरच्या कठड्यावरून झेप घ्यायची, झुंबर पकडायचं, झोक्यासरशी खालच्या माणसाला लाथ घालायची. कॉनराड आपली मारामारी स्वतः करायचा, डबल वापरायचा नाही. हात सुटला. सुमारे बारा फुटांवरून तो डोक्यावर आपटला, खाली फरशी सिमेंटची. कवटीला तडा गेला. तिसऱ्या सीझनचं काम तिथेच थांबवावं लागलं आणि हा भाग नंतर पूर्ण करून नोव्हेंबर १९६८मध्ये दाखवला गेला.

ते पडणं भागात तसंच ठेवलेलं आहे. मी ते थांबवून थांबवून पाहिलं. झेप घेतली तेव्हा शरीर ताठ, सरळ, त्याच्या नेहमीच्या झेपेसारखं. मग अर्ध्या क्षणात त्या शरीरातली योजनाच नाहीशी होते. स्टंटमध्ये पडणारा माणूस पडतानाही कुठे पडायचं ते जाणत असतो, खांदा वळवतो, पाठ गोल करतो. इथे तसं काहीच नाही. हा क्षण मनोरंजन म्हणून ठेवायला नको होता, असं माझं स्पष्ट मत आहे. पण तो आहे, आणि मालिकेतल्या त्या सगळ्या सफाईदार हाणामाऱ्यांची खरी किंमत किती होती, ते त्यातून दिसतं. पुढच्या सीझनमध्ये वाहिनीने आग्रह धरून धोक्याच्या जागी डबल वापरायला लावला.

डॉ. लव्हलेस एकदाच का दिसतो?

कारण ती भूमिका करणाऱ्या मायकेल डनची प्रकृती. मिगेलितो लव्हलेस हा या मालिकेचा सर्वांत मोठा खलनायक. बुटका, बुद्धिमान, संतापी आणि सुरेल गळ्याचा. चार सीझनमध्ये मिळून तो दहा भागांत येतो, शेवटच्या सीझनमध्ये फक्त ‘द नाइट ऑफ मिगेलितोज रिव्हेंज’मध्ये. हा भाग दिसला १३ डिसेंबर १९६८ रोजी. बरोबर तीन आठवडे आधी, २२ नोव्हेंबरला, डन ‘स्टार ट्रेक’च्या एका भागात झळकला होता. तिथे देवांसारख्या शक्ती असलेल्या लोकांचा दुबळा गुलाम, आणि इथे जग वेठीला धरणारा शास्त्रज्ञ. दोन्ही भाग लागोपाठ पाहिले तर या नटाचा आवाका कळतो. तो १९७३मध्ये गेला, अवघ्या अडतीसाव्या वर्षी.

लव्हलेसचा हा शेवटचा भाग नेमका मार्टिनविना आहे. लव्हलेस आणि गॉर्डन समोरासमोर आले की दोन नटांची जी जुगलबंदी व्हायची, तिचा शेवटचा सामना झालाच नाही. या सीझनमधलं सगळ्यांत मोठं नुकसान मी हेच मानते.

यात विज्ञानकथा कुठे आहे? मला तर घोडे आणि पिस्तुलंच दिसली.

सीझनच्या पहिल्याच भागापासून आहे. ‘द नाइट ऑफ द बिग ब्लॅकमेल’मध्ये एका परकी राजदूतावासाकडे चक्क चलच्चित्र आहे. राष्ट्राध्यक्ष ग्रँट गुप्त करारावर सही करताना दाखवणारं, अर्थात तोतया वापरून बनवलेलं. आता ग्रँट १८७७मध्ये पायउतार झाले आणि डोळा लावून पाहायची चलच्चित्राची पेटी बाजारात आली १८९०च्या दशकात. म्हणजे लेखकांनी पुढच्या काळातलं यंत्र मागे आणून ठेवलं आणि त्यातून विचारलं, की डोळ्यांना दिसतं म्हणून ते खरं मानायचं का. बनावट चित्रफितीने देशाच्या प्रमुखाला अडकवण्याची ही गोष्ट १९६८ची आहे. आज ती पाहताना अंगावर काटा येतो. राजदूत झालेला हार्वी कॉर्मन हा खरा विनोदी नट, पण इथे त्याने दर्प छान दाखवला आहे.

‘द नाइट ऑफ द जगरनॉट’मध्ये शेतकऱ्यांना त्यांच्या जमिनीवरून हुसकावण्यासाठी एक चिलखती युद्धयंत्र आणलेलं आहे. या भागात मुष्टियुद्धाचा माजी जगज्जेता फ्लॉइड पॅटरसन पाहुणा नट म्हणून आहे. आणि हो, ‘जगरनॉट’ हा शब्द आपल्या जगन्नाथाच्या रथावरून इंग्रजीत गेलेला आहे. ‘द नाइट ऑफ द क्राकेन’मध्ये समुद्रातला राक्षसी जीव, ‘द नाइट ऑफ द अव्हॅरिशस अ‍ॅक्च्युअरी’मध्ये आवाजाच्या कंपनांनी हवेल्या जमीनदोस्त करणारं यंत्र, लव्हलेसच्या भागात वाफेवर चालणारा यंत्रमानव.

हे सगळं वाफ, पितळ, दट्ट्या आणि चक्रांचं. वीज जेमतेम, संगणक नाहीच. अशा कथांना ‘स्टीमपंक’ म्हणायला सुरुवात झाली १९८७पासून, आणि तिच्या पूर्वसुरींमध्ये या मालिकेचं नाव हमखास येतं.

असे गुप्तहेर तेव्हा खरोखर होते?

सीक्रेट सर्व्हिस हे खातं होतं. १८६५मध्ये स्थापन झालं ते बनावट नोटांचा छडा लावण्यासाठी. राष्ट्राध्यक्षांच्या संरक्षणाचं काम त्याच्याकडे पक्कं आलं ते १९०१मध्ये मॅकिन्ली यांच्या हत्येनंतर. आगगाडीने पूर्व किनाऱ्यापासून पश्चिमेपर्यंत जाता येणं मात्र काळाला धरून आहे. दोन्ही बाजूंचे रूळ यूटामध्ये १० मे १८६९ रोजी जुळले.

ती आगगाडी खरी होती का?

इंजिन खरं, डबा सेट. सुरुवातीच्या प्रायोगिक भागात कॅलिफोर्नियातल्या सिएरा रेल्वेचं तीन नंबरचं इंजिन वापरलं. नंतरच्या भागांत बाहेरून दिसतं ते ‘इन्यो’, व्हर्जिनिया अँड ट्रकी रेल्वेचं बावीस नंबरचं, बाल्डविन कारखान्यात १८७५ साली बांधलेलं. ते आज नेवाडातल्या कार्सन सिटीच्या रेल्वे संग्रहालयात आहे. पुढे चार लहान चाकं, मागे चार मोठी. मोठ्या चाकांशेजारी उभं राहिलं की कळतं, गाडीच्या टपावरच्या त्या मारामाऱ्या किती उंचावर दाखवायच्या होत्या. पडद्यावर हे इंजिन खेळण्यासारखं दिसतं, समोर ते जनावरासारखं वाटतं. मला तिथून हलवत नव्हतं.

आतला आलिशान डबा, गुप्त कप्पे, फिरणारं बिलियर्ड टेबल, भिंतीमागची शस्त्रं हे सगळं कॅलिफोर्नियातल्या स्टुडिओत.

मालिका हिंसेमुळे बंद केली, हे खरं?

हो. प्रेक्षक पाठ फिरवून गेले होते असं झालं नव्हतं.

१९६८ हे वर्ष डोळ्यांसमोर आणा. ४ एप्रिलला मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या. जूनमध्ये रॉबर्ट केनेडींची. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी लगोलग हिंसेची कारणं शोधण्यासाठी राष्ट्रीय आयोग नेमला, आणि टीव्हीवरची मारधाड हा त्याच्यापुढचा एक मोठा विषय झाला. सिनेटमध्ये दळणवळणाच्या उपसमितीचे अध्यक्ष होते र्‍होड आयलंडचे जॉन पास्टोर. त्यांनी वाहिन्यांना धारेवर धरलं आणि मार्च १९६९मध्ये टीव्हीच्या मुलांवरच्या परिणामांचा सरकारी अभ्यास व्हावा अशी मागणी केली. तो अहवाल १९७२मध्ये आला. ‘वाइल्ड वाइल्ड वेस्ट’ लागायची शुक्रवारी संध्याकाळी साडेसातला, म्हणजे मुलं जागी असतानाच्या वेळेला, आणि तिच्यात दर भागाला दोन-तीन तरी मोठ्या मारामाऱ्या. निशाणा आयताच सापडला. फेब्रुवारी १९६९मध्ये सीबीएसने मालिका बंद करायचं ठरवलं.

माझं मत विचाराल तर चिंता खोटी नव्हती. ज्या देशात दोन महिन्यांत दोन नेते गोळ्यांनी मारले जातात, तिथे आईबापांनी पडद्याकडे संशयाने पाहावं हे मी समजू शकते. पण ही मालिका त्या चिंतेची चुकीची धनी ठरली. कॉनराड आणि त्याचे स्टंटवाले यांची मारामारी लेझमीच्या आखाड्यासारखी आहे, मोजून मापून, तालात, टेबलं-खुर्च्यांसकट आखलेली. त्यात रक्त नाही, क्रौर्याची चव घेणं नाही. बातम्यांमध्ये रोज संध्याकाळी व्हिएतनाम दिसत होतं, ते बंद करणं कुणाच्या हातात नव्हतं. हातात होती ती ही मालिका.

शरद ऋतूपासून त्याच शुक्रवारच्या साडेसातच्या वेळेला सीबीएसने आणलं ‘गेट स्मार्ट’. तीही हेरांचीच मालिका, फक्त विनोदी. आणि १९७०च्या उन्हाळ्यात सीबीएसनेच वेस्टचे काही भाग रात्री दहाला पुन्हा दाखवले. वेळ बदलून भागलं असतं, असं त्यावरून वाटतं.

सुरुवातीच्या चित्रमालिकेतली ती बाई आणि ठोसा, तो काय प्रकार आहे?

शीर्षकाला व्यंगचित्रांच्या पानासारखी चौकट आहे. मध्ये नायकाची उभी पट्टी, चार कोपऱ्यांत चार चित्रं. बँक लुटून मागे मागे येणारा दरोडेखोर, बुटातून हुकमाचं पान काढणारा जुगारी, पिस्तूलवाला आणि छत्रीवाली बाई. पहिल्या सीझनमध्ये ती बाई सुरी उगारते तेव्हा नायक तिचं चुंबन घेतो आणि ती भुलते. दुसऱ्या सीझनपासून तो तिला ठोसा मारतो. शेवटपर्यंत हाच ठोसा राहिला. हिंसेबद्दल एवढी चर्चा चालू असताना दर आठवड्याला मालिकेची सुरुवात बाईला पाडण्याने होत होती, हे कुणाला बदलावंसं वाटलं नाही. मला तो भाग आवडत नाही, कधीच आवडला नाही.

चौकटीची युक्ती मात्र विलक्षण. प्रत्येक जाहिरातीच्या आधी दृश्य गोठतं आणि त्याचं चित्र होऊन एका कोपऱ्यात जाऊन बसतं. भाग संपेपर्यंत चारही कोपरे त्या भागाच्या प्रसंगांनी भरतात. माझ्या भाच्याला हा खेळ इतका आवडला, की पुढचं चित्र कुठल्या क्षणी गोठेल ते तो आधीच ओरडून सांगायचा.

या सीझनला काही पुरस्कार?

१९६९च्या एमी पुरस्कारांत नाट्यमालिकेतल्या प्रमुख नटासाठी रॉस मार्टिनला नामांकन मिळालं. पुरस्कार कार्ल बेट्झला गेला. जो अर्धाअधिक सीझनच काय तो उभा राहू शकला, त्यालाच नामांकन. आपल्या सोंगांची रेखाचित्रं तो स्वतः काढायचा आणि मग रंगभूषाकारांसोबत बसून चेहरा घडवायचा. पोलंडमध्ये जन्मलेला, लहानपणीच अमेरिकेत आलेला, कितीतरी भाषा येणारा माणूस. उच्चारांची ती नक्कल हवेतून आलेली नव्हती.

आज पाहताना काही खटकतं का?

खटकतं. ‘द नाइट ऑफ द पेलिकन’मधला चिनी खलनायक खाय डी या नटाने केला आहे, जो चिनी वंशाचा नव्हता. तेव्हा हॉलिवूडमध्ये हे सर्रास चालायचं, पण म्हणून ते डोळ्यांआड करू नये. बायका बहुतेक भागांत एक तर वाचवायला असतात किंवा फसवायला. अपवाद आहे ‘द टायकून्स’मधली जो व्हॅन फ्लीट. उद्योगपती पुरुषांच्या मंडळात ठामपणे बसलेली वयस्कर बाई तिने दमदार उभी केली आहे.

शेवटच्या भागात निरोप आहे का?

नाही. ‘द नाइट ऑफ द प्लेग’ हा नेहमीसारखाच भाग आहे. गव्हर्नरची मुलगी, रोगाची साथ, वेळेशी शर्यत. त्या काळी मालिकांना समारोपाचा भाग लिहायची पद्धत फारशी नव्हती.

पुढे काय झालं?

१९७९ आणि १९८० साली कॉनराड आणि मार्टिन दोन टीव्ही-चित्रपटांसाठी एकत्र आले. पहिल्यात डन नसल्यामुळे लव्हलेसचा मुलगा आणला, ती भूमिका पॉल विल्यम्सची. मार्टिन ३ जुलै १९८१ रोजी हृदयविकारानेच गेला आणि पुढचं सगळं तिथे थांबलं. १९९९च्या सिनेमावर कॉनराडचा मनापासून राग होता. सर्वांत वाईट चित्रपटाला देतात ते रॅझी पारितोषिक त्या सिनेमाला मिळालं, तेव्हा ते घ्यायला तो स्वतः गेला. त्याचं निधन फेब्रुवारी २०२०मधलं.

सगळे २४ भाग पाहायला वेळ नाही. कुठले पाहू?

आधी ‘द बिग ब्लॅकमेल’, पूर्ण जोडीसाठी. मग ‘द विंग्ड टेरर’चे दोन्ही भाग, कावळ्यांसाठी आणि शॅलर्टसाठी. ‘द नाइट ऑफ द ब्लीक आयलंड’ पाहा. वादळात अडकलेलं बेट, हिरा, कुत्र्याचं भुंकणं आणि शेरलॉक होम्सची आठवण करून देणारा जॉन विल्यम्सचा इंग्रज गुप्तहेर. ‘मिगेलितोज रिव्हेंज’ डनसाठी.

आणि ‘द अव्हॅरिशस अ‍ॅक्च्युअरी’ शेवटी ठेवा. हॅरल्ड गूल्डचा खलनायक मजेदार आहे, हादरून कोसळणाऱ्या हवेल्या आहेत. पण मारामारी चालू झाली की वेस्टकडे पाहू नका. मागे गॉर्डनकडे पाहा. तो पायावर भार टाकायचं टाळतो, जवळ मिळेल त्या फर्निचरचा आधार घेतो, आणि तोंडाने मात्र वाक्य नेहमीच्याच मिश्कील सुरात पूर्ण करतो.